बॉनेटच्या पुढची सहा पावलं

गाडी सुरू करण्याआधी बाळा घाडीगावकर गाडीच्या पुढे जातो, कमरेत वाकतो आणि बंपरखाली बघतो. मग सीटवर येऊन बसतो, किल्ली लावतो, आणि ती न फिरवताच पुन्हा खाली उतरतो. पुन्हा वाकतो. कधी कधी तिसऱ्यांदाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात लोकांना आता याची सवय झाली आहे. बर्फाचा टेम्पो वाटेत उभा आणि मागे सात रिक्षा खोळंबलेल्या असल्या, तरी शिवी हासडल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही ती माणसंही बाळाला काही बोलत नाहीत. अकरा महिन्यांपूर्वी याच बाळाच्या हातून, गाडीच्या पूजेच्या दिवशी, अंजनाबाई वैती चाकाखाली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. "बिचारा," असं म्हणतात. "त्याची काय चूक? त्याला दिसलंच नाही."

हे 'बिचारा' बाळाला सोसत नाही. त्याला दिसलं नाही हे खरं आहे. पण दिसणार नाही, हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि ते त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. अंजनाबाईच्या मुलाला, म्हणजे दिपेशला, हे सांगायचं की तोंड मिटून राहायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन तो अकरा महिने जगत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ती मूठ अकरा महिने झाकून बघावी.

बाळा तसा सरळ माणूस. मूळचा कुडाळकडचा. वडील परळच्या गिरणीत होते, संपानंतर गिरणी गेली आणि कुटुंब चारकोपला सेक्टरमधल्या छोट्या घरात आलं. चार भावंडांत शिक्षण कोणाचंच पुरं झालं नाही. बाळाने एका ओळखीच्या माणसाचा तीनचाकी टेम्पो पुसता पुसता चालवायला शिकून घेतला, आणि पंचविसाव्या वर्षी तो वेसाव्यात बळवंत वैतींच्या बर्फाच्या टेम्पोवर लागला. चारकोपहून पहाटेची बस धरायची, बर्फाच्या लाद्या भरायच्या, होड्या लागल्या की मासळी घेऊन अंधेरी, पार्ले, घाटकोपरच्या बाजारात पोचवायची. बत्तीस वर्षांत त्याने एकाही गाडीला मोठा ओरखडा येऊ दिला नाही. बळवंतशेठ गेले, दिपेशने धंदा हाती घेतला, टेम्पो एकाचे पाच झाले, पण बाळा तिथेच राहिला.

बळवंतशेठची बायको अंजनाबाई. उंचीने जेमतेम बाळाच्या छातीपर्यंत येणारी, जन्मभर डोक्यावर पाटी वाहून मान आखडलेली, आणि आवाज मात्र असा की खाडीपलीकडच्या माणसाने वळून बघावं. तिने बाळाला कधी ड्रायव्हर म्हणून वागवलंच नाही. घरात आला की आधी जेव, मग बोल. कोळ्यांच्या बोलीत ती त्याला 'बाला' म्हणायची. बाळाची आई लवकर गेली होती. या बाईने ती जागा कधी घेतली हे त्याचं त्यालाही समजलं नाही.

वैतींच्या घरची एक रीत होती. नवी गाडी आली की चारही चाकांखाली लिंबं ठेवायची ती घरातल्या थोरल्या बाईने, स्वतःच्या हाताने. आणि पहिल्यांदा गाडी पुढे घ्यायची ती बाळाने. बाळाचा पाय लाभतो, असं बळवंतशेठ म्हणायचे. चारही लिंबं फुटली पाहिजेत. एखादं निसटलं तर विघ्नही निसटलं, ते पुढे कुठेतरी गाठणार. म्हणून निसटलेलं लिंबू अंजनाबाई पुन्हा चाकाखाली सारायची आणि बाळा गाडी पुन्हा पुढे घ्यायचा. सात गाड्यांना त्या दोघांनी असं केलं. चपट्या तोंडाचे ते टेम्पो. काचेला नाक लावलं की समोरच्या माणसाच्या पायातली चप्पल दिसते. अंजनाबाई लिंबू सारून उठली, बाजूला झाली, हात हलवला, की बाळा क्लच सोडायचा.

आठवी गाडी तसली नव्हती.

तिचा नाद दिपेशला लागला तो त्याचा चुलतभाऊ निलेश याच्यामुळे. निलेश बोटीवर नोकरीला. युरोपातल्या कुठल्याशा बंदरात उतरला असताना त्याने तिथल्या जुन्या गावातल्या गल्लीचा फोटो पाठवला. दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि मधे एक अमेरिकन पिकअप अडकलेली. दोन चाकं फुटपाथवर, आरसा कोणाच्या तरी खिडकीत, आणि एक म्हातारा गृहस्थ छत्री उगारून ड्रायव्हरला काहीतरी सुनावतोय. निलेशने खाली लिहिलं होतं, 'बघ, इथल्या लोकांची पण वाट लागली.' त्याने तो फोटो हसण्यासाठी पाठवला होता. दिपेशने तो मोठा करून गाडीच बघितली. दार, चाकं, पुढची जाळी, मागचा हौदा. माणूस एकाच चित्रात काय काय बघतो याला काही नियम नाही.

"आज्याची होडी होती एवढी," तो बाळाला म्हणाला. "आठ खलाशी बसायचे. आता समुद्रात मासळी कुठे आहे? होडी तर होत नाही आपल्याच्याने. निदान रस्त्यावर तरी काहीतरी मोठं पाहिजे ना, बाळाभाऊ."

बाळाला हे कळलं. खरं सांगायचं तर कोळीवाड्यातल्या कोणालाही कळलं असतं. पण गल्ली पाहून गाडी घ्यावी एवढं शहाणपण कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं. वेसाव्याच्या गल्लीत समोरून पाटीवाली आली तर रिक्षा थांबते. तिथे ही गाडी म्हणजे देवघरात म्हैस. समीक्षा, दिपेशची बायको, तेवढं बोलली. तिचं कोणी ऐकलं नाही.

वसईच्या एका माणसाकडे तशी एक पिकअप होती. अमेरिकेतून आणलेली, स्टिअरिंग उजवीकडे बदलून घेतलेली. सौदा ठरला. दिपेशने फोनवर बाळाला विचारलं, "तू आणशील ना? जमेल? नाहीतर प्रीतमला पाठवतो." प्रीतम हा दुसऱ्या टेम्पोवरचा ड्रायव्हर, वय अठ्ठावीस. बाळाला ते लागलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला 'जमेल ना' विचारलं की तो काय ऐकतो हे विचारणाऱ्याला कधी समजत नाही. "बत्तीस वर्षं काय बैलगाडी चालवली काय मी?" असं म्हणून त्याने वसईची वाट धरली.

गाडी हाताला हलकी होती. बाळाला गंमत वाटली. इतका मोठा ऐवज आणि बोटाने वळतो. उंचावर बसल्यामुळे पुढच्या गाड्यांची टपं दिसत होती, बसचा ड्रायव्हरही बरोबरीचा वाटत होता. कांदिवलीला लिंक रोडच्या सिग्नलला तो थांबला. हिरवा झाला. त्याने ब्रेकवरून पाय काढला, तेवढ्यात डावीकडून एक रिक्षावाला जिवाच्या आकांताने ओरडला. बाळाने ब्रेक दाबला. काही क्षण काहीच झालं नाही. मग बॉनेटच्या कडेवर केसांतला भांग दिसला, मग कपाळ, मग एका बाईचा संतापलेला चेहरा. तिची पिशवी फाटून कोथिंबीर रस्त्यावर पडली होती आणि ती वाकून गोळा करत होती. बंपरपासून तिच्यापर्यंत एक वीत अंतर नसेल.

"डोळे आहेत की भोकं?" ती ओरडली आणि जुड्या छातीशी धरून निघून गेली.

बाळाने गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर बाजूला लावली. हौद्यात पाण्याचा रिकामा कॅन होता. तो त्याने बंपरसमोर जमिनीवर ठेवला आणि सीटवर येऊन बसला. कॅन दिसला नाही. उतरून एक पाऊल पुढे ठेवला. नाही दिसला. दोन पावलं. तीन. पंपावरची माणसं बघत होती की हा म्हातारा कॅनशी काय खेळतोय. सहा पावलांवर ठेवला तेव्हा कॅनची वरची कड काचेत आली. म्हणजे बॉनेटच्या पुढे सहा पावलं माणूस बसलेला असो, वाकलेला असो, ड्रायव्हरला तिथे नुसता रिकामा रस्ता दिसणार.

हे दिपेशला सांगायचं, असं त्याने तिथेच ठरवलं. जोगेश्वरी येईपर्यंत शब्दही जुळवले. पण शब्द जुळवता जुळवता त्याला दिपेशचं उत्तरही ऐकू यायला लागलं. 'तुला जमत नसेल तर राहू दे, बाळाभाऊ. प्रीतम चालवेल.' आणि उद्या पूजा. आठव्या गाडीला पाय कोणाचा, तर प्रीतमचा. बाळाला ते सहन होईना. पूजा होऊ दे, मग निवांत सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. एका दिवसाने काय बिघडतं?

गाडी दारात आली तेव्हा अख्खी आळी गोळा झाली. पोरं हौद्यात चढली. अंजनाबाई ओट्यावरून उतरली, गाडीला हात लावून पुढून मागे चालत गेली आणि परत आली. पुढे उभी राहिली तर तिचं डोकं बॉनेटच्याही खाली. तिने बाळाकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "कशी हाय रं गारी, बाला?"

ती विचारत होती ते उगाच नव्हतं. प्रत्येक गाडीला ती बाळालाच विचारायची आणि बाळा सांगेल ते धरून चालायची. एकदा त्याने ब्रेक मऊ आहेत म्हटल्यावर तिने बळवंतशेठना टेम्पो परत करायला लावला होता.

"झकास," बाळा म्हणाला. "लोण्यासारखी चालते, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पूजा होती. ब्रास बँड आला होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ. अंजनाबाईने चार लिंबं ठेवली. बाळा पाया पडून वर चढला. दिपेश समोर डाव्या अंगाला मोबाइलवर व्हिडिओ घेत उभा होता, निलेशला सगळं बोटीवर दाखवायचं होतं. बाळाने गाडी हातभर पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. गल्ली गटाराकडे उतरती, टायर रुंद, पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू निसटलं. "एक राहिलं, एक राहिलं!" लोक ओरडले. बाळाने गाडी थोडी मागे घेतली. अंजनाबाई जन्मभराच्या सवयीने पुढे गेली, वाकली आणि लिंबू चाकाखाली सारू लागली.

बाळाला काचेतून लोकांचे हात दिसत होते. मोबाइल दिसत होते. बँडवाल्यांचे फुगलेले गाल दिसत होते. अंजनाबाई दिसत नव्हती, आणि ती बाजूला झाली असं तो धरून चालला, कारण सात गाड्यांना ती नेहमी बाजूला झाली होती. दिपेश स्क्रीनमध्ये बघत हात हलवत होता. "ये, ये, चल!" बाळाने ब्रेक सोडला. चाकाखाली काहीतरी मऊ आलं. बाळाला वाटलं, लिंबू.

मग बँड थांबला, पण एकदम नाही. समोरच्या ट्रम्पेटवाल्याने आधी तोंडातून वाद्य काढलं, मग त्याच्या शेजारच्याने. ढोलवाला मागे होता, त्याला काहीच कळलं नव्हतं, तो बराच वेळ वाजवत राहिला.

अंजनाबाई दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. पोलीस आले, गुन्हा नोंदला, जामीन झाला, आणि जामिनाला उभा राहिला तो दिपेशच. त्याने जबाबात सांगितलं, की गाडी आदल्याच दिवशी आली होती, पुढचं दिसत नाही हे बाळाभाऊला ठाऊक असणं शक्य नाही, आणि 'चल' अशी खूण मी केली. बाळा बाकावर बसून ऐकत होता. शब्द तोंडाशी आले. शेजारी दीप्ती, त्याची मुलगी, त्याचा हात घट्ट धरून बसली होती. शब्द पुन्हा पोटात गेले.

दिपेशने त्याला कामावरून काढलं नाही. उलट तेराव्यानंतर स्वतः चारकोपला येऊन म्हणाला, "आईने तुला घरातला मानला होता. तुझी काय चूक? चूक माझी. मी मोबाइलात बघत होतो. डोळ्यांनी बघितलं असतं तर आई दिसली असती." तो रडला. बाळाच्या बायकोने, अनुपमाने, चहा ठेवला. बाळाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्या हाताची बाळाला आजही किळस येते.

पिकअप पोलिसांकडून सुटून आली, बर्फाच्या गोडाऊनशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. कोणी तिला हात लावेना. बाळा पुन्हा चपट्या तोंडाच्या टेम्पोवर बसला, जिथे काहीच झाकलेलं नसतं, आणि तिथेच त्याला अंजनाबाई दिसू लागली.

भरदुपारी, ऐन रहदारीत. पार्ल्याच्या सिग्नलला थांबला की काचेच्या खालच्या कडेवर पांढऱ्या केसांचा भांग हळूहळू वर यायचा. कपाळापर्यंत यायचा आणि थांबायचा. चेहरा कधी आला नाही. बाळा उतरून पुढे जायचा, वाकायचा, तर तिथे डांबर. मागचे भोंगे वाजवायचे. परत सीटवर बसला की कानाशी तिचा आवाज, अगदी साधा, जेवलास का विचारावं तसा. "कशी हाय रं गारी, बाला?" ती रागावलेली नसायची. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारायची, आणि उत्तराची वाट बघत थांबायची. आणि डाव्या पायाच्या तळव्याला ते मऊ काहीतरी अजून लागायचं. चप्पल बदलली, बूट घातले, फरक पडला नाही.

घरी अनुपमाने आमटीत लिंबू पिळायचं कधी बंद केलं हे तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. मालवणीत एकदाच म्हणाली, "माका सांगशात तर सांगा. नायतर देवाक सांगा. पण असा गिळून बसा नको."

"काय सांगू?"

"ता माका कसा ठावक? पण काय तरी आसा."

बाळाने पान बाजूला सारलं. अनुपमाने ते उचललं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

सगळ्यांत वाईट दुपारचा वेळ. गोडाऊनच्या पायरीवर दिपेश आणि तो शेजारी बसून समीक्षाने पाठवलेला डबा खायचे. जेवण झालं की दिपेश मोबाइल काढायचा आणि तो व्हिडिओ लावायचा. त्याने तो पुसला नव्हता. त्यात एका कोपऱ्यात दोन सेकंद अंजनाबाईची पाठ दिसते. तेवढं तो बघायचा आणि हळू म्हणायचा, "आई, माझं लक्ष नव्हतं गं. माफ कर." रोज. बाळा शेजारी बसून ऐकायचा. दिपेशचं वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती, बाजारात माणसांशी भांडायचा त्याचा आवाज गेला होता. आपण दोन शब्द बोललो तर याचं निम्मं ओझं उतरेल हे बाळाला दिसत होतं. आणि बोललो तर हा डबा, ही पायरी, हे घर आपलं राहणार नाही, हेही दिसत होतं. तो हात धुऊन टेम्पोकडे जायचा.

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा समीक्षाने हट्ट धरला, की त्याआधी ती गाडी दारातून जाऊ दे. गिऱ्हाईक मिळालं, मुलुंडचे चंद्रप्रकाश म्हणून एक गृहस्थ. मंडप डेकोरेशनचा धंदा, साठीचे, बोलायला गोड. सकाळी अकराला ते एकटेच आले. दिपेश गाडीजवळ जायला तयार नव्हता, तो पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "बाळाभाऊ, तू दाखव."

बाळाने ताडपत्री काढली. स्वस्तिकाचा लाल रंग बॉनेटवर अजून पुसट होता. चंद्रप्रकाशांनी गाडीभोवती फेरी मारली, हौद्यात वाकून बघितलं, दार उघडून मिटलं. या गाडीखाली एक बाई गेली हे दिपेशने त्यांना फोनवरच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आमच्याकडे गोडाऊनच्या अंगणातच सगळे राहतो आम्ही. नातवंडं आहेत, गार्गी आणि तिचा धाकटा भाऊ. दिवसभर अंगणात. म्हणून विचारतो. तुम्ही चालवलीय. पुढचं दिसतं ना नीट?"

प्रश्न तोच होता. विचारणारा वेगळा, बोली वेगळी, पण तोच. आणि या वेळीही एक जण त्याच्या उत्तरावर विसंबून होता.

"तुम्ही वर बसा," तो म्हणाला.

चंद्रप्रकाश चढून बसले. बाळाने गोडाऊनमधून माशांचा एक क्रेट आणला आणि बंपरसमोर ठेवला. "दिसतो?"

"काय?"

"क्रेट."

"कुठाय?"

बाळाने क्रेट एक पाऊल पुढे सारला. "आता?" नाही. आणखी एक. नाही. पायरीवर बसलेला दिपेश उठून उभा राहिला. बाळाने त्याच्याकडे बघितलं नाही. तो क्रेट सारत गेला, आणि प्रत्येक पावलाला वरून 'नाही' येत गेलं. सहाव्या पावलाला चंद्रप्रकाश म्हणाले, "हां, आता दिसला थोडा."

"सहा पावलं," बाळा म्हणाला. "एवढ्यात तुमची दोन्ही नातवंडं मावतील."

चंद्रप्रकाश खाली उतरले. बाळाला नमस्कार केला, दिपेशला केला, आणि गाडीचं पुढे काहीही न बोलता निघून गेले.

दिपेश क्रेटपाशी आला. "त्यांनी विचारलं आणि तू सरळ क्रेटच आणलास. तुला आधीच माहीत होतं."

"हो."

"आई गेल्यानंतर मोजलंस?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती दिपेशनेच पुढे केली होती. 'हो, नंतर' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही," बाळा म्हणाला. "आदल्या दिवशी. वसईहून आणताना कांदिवलीला एक बाई चाकाखाली जाता जाता वाचली. पंपावर कॅन ठेवून मी मोजलं. तुला सांगणार होतो. तू प्रीतमला बसवशील म्हणून नाही सांगितलं." त्याने बॉनेटवरच्या पुसट स्वस्तिकाकडे बघितलं. "आईनं विचारलं होतं, कशी आहे गाडी. मी म्हटलं, लोण्यासारखी."

दिपेशने पायाने क्रेट बाजूला सारला. मग म्हणाला, "वर बस."

बाळा वर चढून बसला. दिपेश बॉनेटच्या पुढे आला, बाळाकडे तोंड करून, आणि खाली वाकला. आधी खांदे गेले, मग डोकं. मग कोणी नाही. समोर गल्ली, वलांडीच्या बांबूंवर सुकणारे बोंबील, लांब कोणीतरी मासळी धूत असलेलं, ऊन. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"दिसतो?" खालून आवाज आला.

"नाही."

"आई इथेच होती?"

"थोडी डावीकडे. चाकापाशी."

बंपरखाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला. किल्ली लावलेली नव्हती, तरी बाळाने दोन्ही पाय ब्रेकवर दाबून धरले होते. "दिपेश," त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. रिकाम्या रस्त्यात एक माणूस आहे हे ठाऊक असणं आणि तो न दिसणं, दोन्ही एकदम सोसवेना. तो दार उघडून जवळजवळ पडतच खाली आला.

दिपेश डाव्या चाकाला टेकून बसला होता. गुडघे पोटाशी, चेहरा ओला.

"रोज माफी मागत होतो मी," तो म्हणाला. "रोज. तू शेजारी बसून जेवत होतास."

"हो."

"तू सांगितलं असतंस तरी मी ही गाडी दारात ठेवलीच असती. मी कसा आहे मला माहितीय. मी तुझं ऐकलं नसतं." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "पण आईनं ऐकलं असतं रे. ती या गाडीच्या पुढे गेलीच नसती."

बाळाने त्याला उठवायला हात पुढे केला. दिपेशने तो हात बघितला आणि घेतला नाही. चाकाला धरून तो स्वतःच उठला.

"उद्यापासून येऊ नको. आणि पुढच्या तारखेला कोर्टात हे सगळं सांग. जसं आत्ता सांगितलंस तसंच."

"सांगतो."

"तुझी चूक होती, बाळाभाऊ," दिपेश म्हणाला आणि घराकडे निघून गेला.

बाळा गाडीपाशी उभा राहिला. अकरा महिन्यांत हे वाक्य त्याला कोणी दिलं नव्हतं, आणि दिपेशच्या मागे धावत जाऊन त्याबद्दल त्याचे पाय धरावेत असं त्याला वाटत होतं.